आंबेनळीचे पथ्यपाणी

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरू लागलात की गाडीच्या काचा खाली घ्याव्यात. बाजारपेठेतील गर्दी, भाजलेल्या कणसांचा वास आणि स्ट्रॉबेरीच्या पाट्या मागे पडतात आणि चार-दोन वळणांतच हवा बदलते. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या गर्द सावलीतून ओल्या मातीचा आणि कुजणाऱ्या पानांचा गंध येऊ लागतो. मेटतळे मागे पडते, कोयनेच्या खोऱ्यातले वाडा कुंभरोशी येते, प्रतापगडाचा फाटा लागतो आणि तेथून पुढे आंबेनळी घाटाची कोकणाकडची उतरण सुरू होते. सुमारे चाळीस किलोमीटरच्या या वाटेवर आपण साडेचार हजार फूट उंचीवरून जवळजवळ कोकणच्या सपाटीवर येतो. एवढ्या थोड्या अंतरात थंड धुक्यापासून दमट उष्म्यापर्यंतचे सारे हवामान अंगावर घ्यायला मिळावे, असे रस्ते महाराष्ट्रात थोडे आहेत.

या वाटेने जाणारा प्रवासी साहजिकच दरीकडे पाहतो. आज आपणास एक विनंती आहे. थोडा वेळ दरीकडे पाठ फिरवून डोंगराच्या अंगाकडे पाहावे. तेथे जुन्या, शेवाळलेल्या दगडी भिंती दिसतील आणि त्यांच्या शेजारी काँक्रीटच्या नव्या, अजून रंग न उतरलेल्या भिंतीही दिसतील. कोठे तारेच्या जाळीत कोंडलेले दगड एकावर एक रचलेले असतील. कोठे हिरव्या उतारावर वरपासून खालपर्यंत लाल मातीचा एक लांबच लांब ओरखडा दिसेल. अंगावरील शस्त्रक्रियेच्या खुणा पाहून माणसाच्या दुखण्याचा इतिहास कळतो, तसा या खुणांवरून या घाटाचा गेल्या काही वर्षांचा इतिहास कळतो.

जावळीची वाट

घाट जुना, पण आजचा गाडीरस्ता त्या मानाने नवा. इंग्रजांनी महाबळेश्वरहून कोकणात उतरणारा जो गाडीमार्ग बांधला, त्याला फिट्झगेराल्ड घाट असे नाव होते. त्यापूर्वी माणसे आणि बैल पार घाटाने चढत-उतरत असत. जावळीचे हे रान इतके दाट, की येथे शिरलेली फौज वाट चुकावी. शिवरायांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा शेवट झाला. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे वाचलेले असते. या रानाने त्या दिवशी किती साथ दिली, हे मात्र येथे उभे राहिल्यावरच उमगते.

सवड असेल तर गडाखालच्या पार गावी अवश्य जावे. तेथे कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी कमानींचा पूल आहे. साडेतीनशे पावसाळे अंगावर घेऊनही तो उभा आहे. बांधणाऱ्यांनी पाण्याला कमानींतून मोकळी वाट ठेवली आहे. पूल पाहून परतताना ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे आपण जे बोलणार आहोत, त्याचे सार तीतच आहे.

चोवीस तासांचा पाऊस

महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. येथील डोंगराला पावसाची सवय नाही, असे म्हणता येणार नाही. तरीही २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत येथे सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर असे समजा. पुणे शहरात साऱ्या वर्षात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो. त्याच्या बराच जवळ जाणारे पाणी या डोंगरावर एका दिवसात आणि एका रात्रीत कोसळले. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ सहाशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरची तीन पिंपे काठोकाठ भरून ओतावीत तितके.

त्या चोवीस तासांत घाटरस्ता ठिकठिकाणी मोडला. कोठे झाडांसकट डोंगराचा तुकडा रस्त्यावर येऊन बसला, तर कोठे दरीकडची बाजू खचून निम्मा रस्ता खाली गेला. महाबळेश्वर आणि कोकण यांना जोडणारा हा धागा तुटला आणि मधल्या गावांना वर जाण्याचीही सोय उरली नाही आणि खाली उतरण्याचीही. याच पावसात पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडींखाली माणसे गेली. शेजारच्या महाड तालुक्यात एकट्या तळियेने ऐंशीहून अधिक माणसे गमावली. त्या दुःखापुढे रस्त्याचे नुकसान ते काय, असे कोणासही वाटेल. पण जखमींपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच डोंगरातून जाते, हे विसरून चालत नाही.

घाट वाहतुकीला पूर्ववत खुला होण्यास कित्येक आठवडे गेले. पुढच्या पावसाळ्यांतही लहानमोठ्या दरडी येत राहिल्या आणि वाहतूक थांबवावी लागली. एकदा बांधले आणि काम संपले, असे येथे होत नाही.

डोंगर का सुटतो?

सह्याद्रीचा हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. त्यांच्यामध्ये कोठे कोठे मऊ, तांबड्या मातीचे पातळ थर अडकून राहिले. महाबळेश्वरच्या पठारावर सर्वांत वर जांभ्या दगडाची टोपी आहे. हा जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी पोटात घेतो आणि खालच्या कठीण थरापाशी ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर सोडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम क्षेत्र महाबळेश्वरी मानला जातो, तो या दगडाच्या गुणामुळे शोभूनही दिसतो.

मात्र हेच पाणी प्रमाणाबाहेर झाले, की उतारावरच्या मातीत साठू लागते. कोरड्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले, की ते कणांना परस्परांपासून दूर लोटते. मातीचे वजन वाढते आणि तिची पकड मात्र सुटत जाते. खालचा खडक गुळगुळीत असला किंवा मध्ये तांबड्या मातीचा थर असला, तर वरचा सारा भार त्यावरून घसरण्यास वेळ लागत नाही. पाऊस थांबल्यावरही कधी कधी दरड कोसळते, याचे कारण हेच. आभाळ मोकळे झाले तरी डोंगराच्या पोटातले पाणी अजून उतरलेले नसते.

यात आपला वाटाही आहेच. रस्ता काढण्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापावा लागतो. ज्या मातीला खालून आधार होता तो आधार जातो. रुंदीकरण, घरे, हॉटेले, वाहनतळ यांसाठी आणखी उतार कापले गेले, की झाडांची आणि कारवीची मुळे जातात व पाण्याच्या जुन्या वाटा बुजतात. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर १७ जानेवारी २००१ रोजी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला, तो या नाजूकपणाची जाणीव ठेवूनच. अतिवृष्टी आपल्या हाती नाही. पाण्याची वाट अडवायची की मोकळी ठेवायची, हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे.

दुरुस्ती: औषध आणि पथ्य

दरड कोसळली की पहिले काम राडारोडा हटवण्याचे. जेसीबी आणि पोकलेन येतात, माती डंपरमध्ये भरली जाते, मोठे धोंडे फोडले जातात. दूरचित्रवाणीवर आपण पाहतो ती दुरुस्ती बहुधा एवढीच असते. पण यंत्र चालवणारा माणूस ज्या उताराखाली काम करीत असतो, तो उतार अजून सैल असतो. म्हणून वरचे लोंबकळणारे दगड आधी काढावे लागतात, एक माणूस सतत वर पाहत उभा ठेवावा लागतो आणि पाऊस वाढला की काम थांबवावे लागते. रस्ता अजून का उघडत नाही म्हणून आपण अधीर होतो, तेव्हा या माणसांची आठवण ठेवावी.

त्यानंतर येते ते खरे बांधकाम. दरीकडची बाजू खचली असेल तर खालच्या पक्क्या खडकापासून संरक्षक भिंत उभी करावी लागते. डोंगराकडे माती अडवणारी भिंत लागते. जेथे जमीन अजून थोडी हलण्याचा संभव असतो, तेथे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्या रचतात. अशी भिंत किंचित वाकते पण तुटत नाही आणि तिच्या फटींतून पाणी सहज निघून जाते. सुटे दगड असलेल्या कड्यावर पोलादी जाळी अंथरतात आणि खडकात सळ्या घालून ती पक्की करतात.

आता पुन्हा त्या नव्या काँक्रीटच्या भिंतीकडे पाहावे. तिच्यात ठराविक अंतरावर नळीएवढी भोके ठेवलेली दिसतील. भिंतीमागे साठणाऱ्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी ती असतात. ती बुजली तर कितीही जाड भिंत पाण्याच्या दाबापुढे टिकत नाही. डोंगरावर, कापलेल्या उताराच्या वर, पाणी बाजूला वळवणारा चर असावा लागतो. रस्त्याच्या कडेला गटार हवे आणि त्या गटाराचे पाणी रस्त्याखालून दरीत नेणारी मोरी हवी. या तिन्हींपैकी एकही गाळाने, पालापाचोळ्याने किंवा प्रवाशांनी टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांनी तुंबली, की पाणी रस्त्यावर चढते, कडा पोखरते आणि पुढच्या पावसात भिंतीसह रस्ता घेऊन जाते.

आपल्या घरातील वडीलधारी माणसे आजाऱ्याला औषध दिल्यावर पथ्यपाणी सांभाळण्यास बजावतात. भिंत हे घाटाचे औषध. चर, गटार आणि मोरी साफ ठेवणे हे त्याचे पथ्य. औषधावर मोठा खर्च होतो आणि त्याचे उद्घाटनही होते. पथ्य मात्र दर वर्षी मे महिन्यात, कोणी पाहत नसताना, फावडे आणि घमेले घेऊन पाळावे लागते. मैल-कामगार नावाचा माणूस पूर्वी रस्त्याच्या आपल्या तुकड्यावर रोज फिरत असे, गटारे उकरीत असे, भेग दिसली की वर कळवीत असे. आजच्या घाटांना यंत्रे भरपूर मिळतात. अशी रोजची नजर फार कमी मिळते.

उतारावर गवत आणि झाडे लावणे हाही उपचारच. वाळ्यासारख्या गवताची मुळे खोल जातात आणि मातीला बांधून ठेवतात. मात्र ती रुजण्यास काही पावसाळे जातात. तोवर लाल ओरखडा तसाच दिसत राहतो आणि आपणास वाटते, काहीच झालेले नाही.

रस्ता बंद, दवाखाना दूर

आपण घाटात दोन दिवसांसाठी जातो. कोयनेच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांसाठी मात्र हाच रस्ता शाळेचा, बाजाराचा आणि दवाखान्याचा असतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या याच वाटेने येतात. दिवस भरत आलेली बाई याच वाटेने रुग्णालयात जाते. पावसाळा हा भातलावणीचा काळ आणि सर्पदंशाचाही. साप चावल्यावर दंश झालेला अवयव हलू न देता, तेथे न कापता आणि घट्ट न बांधता, रुग्णास लवकरात लवकर रुग्णालयात नेणे हाच उपाय. प्रतिविष तेथेच मिळते. रस्ता तुटलेला असेल तर तेवढ्यासाठी माणसाला डोलीत घालून, खांद्यावरून, चिखलातून न्यावे लागते. घड्याळातले प्रत्येक मिनिट तेव्हा त्या रस्त्यावर मोजले जाते.

म्हणून डोंगरी भागातील कुटुंबांनी काही गोष्टी पाऊस जोर धरण्यापूर्वीच कराव्यात. नेहमीच्या औषधांचा महिनाभराचा साठा डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी ठेवावा. प्रसूतीची तारीख मुसळधार पावसाच्या दिवसांत असेल, तर त्या बाईला काही दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे हलवावे. डायलिसिससारखे ठराविक दिवशी करावे लागणारे उपचार चालू असलेल्यांनी पर्यायी केंद्राची चौकशी आधीच करून ठेवावी. शहरात राहणाऱ्या मुलांनी गावाकडच्या आईवडिलांची ही तयारी फोनवरून एकदा विचारून घेतली, तरी पुष्कळ होईल.

आणखी एक दुखणे डोळ्यांना दिसत नाही. ज्यांनी एकदा दरड पाहिली आहे, त्यांची झोप पुढे कित्येक पावसाळे पत्र्यावरच्या सरींनी मोडते. छातीत धडधडते, मुले आईला सोडत नाहीत. या भीतीला भित्रेपणा म्हणू नये. ती बोलून दाखवू द्यावी, रात्री एकटे ठेवू नये आणि काही आठवड्यांनीही ती ओसरली नाही, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे. रस्त्याची दुरुस्ती होते, तशी मनाचीही होते. तिलाही वेळ आणि आधार लागतो.

घाटात जाताना

एवढे वाचून घाटात जाऊच नये, असे आपणास वाटू नये. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरापासून पुढे, ही वाट अतिशय प्रसन्न असते. पावसाळ्यात जाणे असेल, तर जिल्हा प्रशासनाने किंवा पोलिसांनी रस्ता खुला असल्याचे सांगितले आहे का, हे आधी पाहावे. अतिवृष्टीचा इशारा असताना सहल पुढे ढकलावी. अडथळा लावून बंद केलेल्या रस्त्यावर ओळखीच्या जोरावर गाडी घालू नये. नुकत्याच पडलेल्या दरडीखाली किंवा धबधब्याशी छायाचित्रासाठी थांबू नये. लहान दगड घरंगळू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, खांब किंवा झाडे कललेली दिसली, रस्त्यावर ताजी भेग दिसली, तर तेथून शांतपणे पण त्वरेने दूर जावे आणि ११२ वर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

वळणांनी गाडी लागते ती का, हेही मुलांना समजावून सांगावे. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की स्थिर आहोत. या विसंगतीने मळमळ होते. उपाय साधा आहे. मोबाइल ठेवून द्यावा आणि दूरच्या डोंगररेषेकडे पाहावे. निघण्यापूर्वी पोट तुडुंब भरू नये, अगदी रिकामेही ठेवू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकांना बरे वाटते. गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, तेव्हा मुलांना घोट घोट पाणी पाजावे किंवा जांभई देण्यास सांगावे. चालकाने उतरणीवर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी आणि चढून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी.

आणि कोठे दुरुस्ती चालू असल्यामुळे अर्धा-पाऊण तास थांबावे लागले, तर भोंगा वाजवू नये. खाली उतरावे, पाय मोकळे करावेत, चार दीर्घ श्वास घ्यावेत. शक्य असेल तर लाल झेंडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी दोन शब्द बोलावे, त्याला पाणी विचारावे. आपल्या हातातील रिकामी बाटली गाडीतच ठेवून घरी न्यावी. ती कोणत्या मोरीच्या तोंडाशी जाऊन अडकेल, हे आता आपणास ठाऊक आहे.

झेंडी खाली झाली की गाड्या एकामागून एक हळूहळू सुटतात. त्या वेळी दरीकडे पाहण्याआधी एकवार डोंगराकडच्या नव्या भिंतीकडे नजर टाकावी. तिच्या भोकांतून पाणी झिरपताना दिसले, तर समाधान मानावे. पाण्याला वाट मिळते आहे, भिंत आपले काम करते आहे आणि वरच्या वाडीतली एखादी आजी आज दवाखान्यात जाऊन संध्याकाळपर्यंत घरी परतू शकेल.